चौथी पास, पदवीधर वाढपी

जळगावच्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला रथ निघतो. ते अवाढव्य धूड आवरायला चाकाखाली नेमक्या क्षणी लाकडी मोगरी सारणारा माणूस लागतो. त्याची गुणपत्रिका कुणी मागत नाही. हातात कसब आहे का, एवढंच बघतात. अगदीच मागास पद्धत!

मंत्रालय मात्र पुढारलेलं. २०१८च्या अखेरीस तिथल्या उपाहारगृहात १३ वाढपी नेमायला चक्क शंभर गुणांची लेखी परीक्षा झाली. पात्रता चौथी पास, अर्ज सुमारे ७,०००. निवडलेल्यांत १२ पदवीधर आणि एक बारावी पास. भरलेली ताटं पेलण्याचं कसब कागदावर कसं मोजलं, देव जाणे. २०२४च्या पोलीस भरतीतही तेच: १७ हजारांवर जागा, १७ लाखांवर अर्ज, अट बारावीची आणि रांगेत इंजिनिअर.

इकडे जळगावच्या एमआयडीसीत चटया, डाळी, पीव्हीसी पाइप बनतात. १९९०पासून विद्यापीठही आहे. तरी पदवीवाल्या पोराला मशीन चालवता येत नाही, ही कारखानदारांची ठरलेली तक्रार. ज्याला येतं त्याला पगार किती देता, असं विचारलं, की शेठ लगेच चहा मागवतात.