चार डबे आणि एक सातबारा

अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशीत एखाद्या घरी जुना संगणक आणि इंजिनिअरिंग शिकलेला पोरगा असला, की फोटो गूगलकडे ठेवायची गरज उरत नाही. 'इमिच' हे फोटो सांभाळणारे सॉफ्टवेअर घरीच बसवायचे. लागतो तो फक्त डॉकर, प्रोग्रॅम डब्यांत भरून चालवणारा. त्याच्या कंपोज फाइलीत एक ओळ दोन घरे सरकली, की लग्नात जावई रुसल्यागत सगळेच अडते.

समजूत पटली की चार कंटेनर, म्हणजे डबे, उठतात. एक दाराशी, एक कामांची रांग लावायला, एक पोस्टग्रेसचे कोठार आणि चौथा विद्वान. हा ओपनएआयने 2021 साली काढलेल्या 'क्लिप' मॉडेलच्या जोरावर प्रत्येक फोटोचे 512 आकडे करतो. काकांचे लग्न, 512. सोयाबीनवरची अळी, 512. सुप्रभातचा गुलाब, तेवढेच. (समता म्हणतात ती हीच.) शोधायच्या शब्दांचेही आकडे होतात आणि जवळात जवळचे फोटो पुढे येतात. गंमत अशी, की 'नाही' म्हणणे या विद्वानाला ठाऊक नाही. काही जुळत नसले तरी त्यातल्या त्यात जवळचे तो वाढतोच.

आजोबा म्हणतात, "सातबाऱ्याचा फोटो काहाड बरं." यंत्र विजेचे बिल, शाळेचा दाखला आणि एक लग्नपत्रिका काढते. पोरगा म्हणतो, मोठे मॉडेल लावू, पण रॅम वाढवावी लागेल.

तोवर सूनबाईंनी सातबारा दाखवलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांनी तो स्वतःलाच पाठवून ठेवला होता.