साडीची पेन्शन

बंगालमधल्या बीरभूमकडे जुनी सुती साडी फाडताना कात्री नुसती खाच पाडण्यापुरती लागते. पुढचं काम हातांचं. लांबीच्या अंगानं टर्रर्र करत पट्टी सुटत जाते, आणि ज्या काठासाठी कुणीतरी कधीकाळी दुकानदाराला अख्खं कपाट रिकामं करायला लावलं असेल, तो काठ निमूटपणे बाजूला येऊन पडतो. ताण्याला नवं सूत, बाण्याला या पट्ट्या. मागावरून उतरतं ते खेश. रवींद्रनाथांनी १९२२ साली शांतिनिकेतनशेजारी श्रीनिकेतन उभारलं, तिथल्या शिल्पसदनानं या विणीला हात दिला. आता खेशच्या चादरी होतात, जाकिटं होतात, लॅपटॉपच्या पिशव्या होतात. कधी कधी पुन्हा साडीच होते. याला पुनर्जन्म म्हणावं की हट्ट, मला ठरवता येत नाही.

खेशची नक्षी विणकराच्याही पुरती हातात नसते. फुलांची साडी फाटली की फुलं राहत नाहीत, ठिपके राहतात. पाकळीचा एक तुकडा इथं, दुसरा चार बोटं पलीकडे. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन रंग शेजारी येतात, अबोला न सुटताच एका पंगतीत बसलेल्या जावांसारखे. आणि छान दिसतात, हीच तर गंमत.

आमच्याकडे लुगड्याला पेन्शन नव्हती. अंगावरून उतरलं की गोधडीत, गोधडी विरली की पायपुसणं, आणि अगदीच गत झाली की कंदिलाची काच पुसायला. पुढे नायलॉन आलं, आणि दारावर बोहारीण. आजी तिच्याशी अर्धी दुपार घासाघीस करी. साड्यांचा ढीग आणि आजोबांचा त्यांना न विचारता काढलेला कोट देऊन स्टीलचा एक डबा पदरात पाडून घेई; बोहारीण गल्लीच्या टोकाला पोचली की कळे, झाकण बसत नाही. त्याच घरातला मी शांतिनिकेतनजवळच्या सोनाझुरीच्या हाटात परक्या आज्यांच्या साड्यांना रोख पैसे मोजून आलो. आजी असती तर तिनं मला देऊन डबा घेतला असता.

माझ्या चादरीतल्या एका पट्टीवर फिकट पिवळा डाग आहे. हळदीचा असावा, कुणाच्या फोडणीचा, नाहीतर कुणाच्या लग्नाचा.

तुम्ही घेणार असाल तर पिशवीपेक्षा चादर घ्या, थोडी साडी तरी सापडते. पहिल्या धुण्याला वेगळी भिजवा. रंग जातो तो नव्या सुताचा. जुन्या साड्यांचा जायचा तेवढा केव्हाच गेलेला असतो.