स्लाइडवाल्याने व्हिडिओ कसा करावा

पॉवरपॉइंट १९८७ साली ‘फोरथॉट’ नावाच्या छोट्या कंपनीने मॅकिंटॉशसाठी बाजारात आणले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. तेव्हापासून एकाने उभे राहून भिंतीवरचा मजकूर वाचायचा आणि बाकीच्यांनी तो त्याच्या आधीच वाचून संपवायचा, ही प्रथा रूढ झाली. दोन्ही बाजूंची सुटका करणारा व्यावसायिक म्हणजे प्रेझेंटेशन डिझायनर, अर्थात आपण. आपण नेमके काय करता हे घरच्यांना अजून उमगलेले नाही. ‘कॉम्प्युटरवर असतो’ एवढ्यावर लग्न जमले आहे. आता धंदा वाढवायचा तर व्हिडिओ करा, असे जो तो सांगतो. कसा करावा, ते पुढे क्रमाने दिले आहे.

सुरुवातीलाच एक इशारा. ‘मजकूर कमी, जागा मोकळी, एका स्लाइडवर एकच मुद्दा’ या शिस्तीचे आपण ग्राहकाकडून पैसे घेता. व्हिडिओ करताना ती कपाटात ठेवावी.

पायरी १ : ग्राहक ओळखा

आपले ग्राहक साधारण असे: वाहन कंपनीच्या ऑडिटसमोर कायझेन मांडायला निघालेला चाकणचा व्हेंडर, नॅकच्या मूल्यांकनाच्या धास्तीने झोप उडालेले प्राचार्य, गुंतवणूकदाराकडे पिच डेक घेऊन जाणारा बाणेरचा स्टार्टअपवाला आणि पायाही न खणलेल्या इमारतीचा क्लबहाउस दाखवणारा बिल्डर. चौघांचीही मीटिंग उद्या सकाळी साडेनऊला असते, त्यामुळे रील बघायला त्यांच्यापैकी कोणालाच सवड नसते. आपले व्हिडिओ बघतात ते इतर डिझायनर, सेमिनार तोंडावर आलेले बीबीएचे विद्यार्थी आणि नाशिकची मावशी. व्हिडिओ पहिल्या गटासाठी करावा, लाइक दुसऱ्या गटाचे मोजावेत आणि दोन्ही गट एकच आहेत असे समजून चालावे.

पायरी २ : आकार बदला

स्लाइड १६:९ म्हणजे आडवी, रील ९:१६ म्हणजे उभी. आडवी स्लाइड उभ्या फोनमध्ये बसवली की वर आणि खाली भरपूर जागा उरते. हीच ती मोकळी जागा, जिच्यासाठी आपण ग्राहकांशी वर्षानुवर्षे भांडत आलात. तिथे शीर्षक, लोगो, व्हॉट्सअॅप नंबर आणि खाली बघणारा पिवळा बाण टाकावा. नवे सॉफ्टवेअर घ्यावे लागत नाही. पॉवरपॉइंटमध्येच स्लाइडची रुंदी आणि उंची यांची अदलाबदल होते, आणि ‘एक्स्पोर्ट’मधून एमपी४ फाइलही निघते. म्हणजे आपला व्हिडिओ ही मुळात एक पीपीटीच असते. हे कोणाला सांगू नये.

पायरी ३ : पहिले तीन सेकंद

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढला. लांबी १९ सेकंद. यूट्यूबच्या संस्थापकांपैकी एक असलेले जावेद करीम प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून त्यांच्या सोंडा लांब असल्याचे शांतपणे सांगतात आणि व्हिडिओ संपतो. संगीत नाही, बाण नाही, ‘शेवटपर्यंत बघा’ नाही. एका स्लाइडवर एकच मुद्दा या नियमाचे इतके चोख पालन पुढे कोणी केल्याचे दिसत नाही.

आपल्याला हे परवडणारे नाही. आपण ‘थांबा! ही एक स्लाइड तुमचं करिअर बुडवतेय!’ अशी आरोळी ठोकूनच उगवावे. थंबनेलवर आपला चेहरा, त्यावर फाटलेले डोळे आणि शेजारी लाल फुली. ग्राहकाने हाच लाल रंग त्याच्या स्लाइडवर मागितला असता, तर आपण त्याला ब्रँड गाइडलाइनवर व्याख्यान दिले असते.

पायरी ४ : आधी आणि नंतर

या व्यवसायात खरोखर चालणारा व्हिडिओ हाच. डावीकडे जुनी स्लाइड, उजवीकडे नवी. बघणाऱ्याला न सांगता फरक कळतो. अडचण एवढीच, की आपले सगळ्यात चांगले काम एनडीएखाली असते. एखाद्या कंपनीच्या घसरत्या विक्रीचा आलेख आपण कितीही देखणा केला असला, तरी तो चव्हाट्यावर मांडता येत नाही. म्हणून एक अबक इंडस्ट्रीज कल्पावी. तिची विक्री दर तिमाहीत वाढते, तिच्या संचालकांना लोगो मोठा करून नको असतो आणि ती पैसेही देत नाही.

खरी मेहनत ‘आधी’ची स्लाइड बनवण्यात आहे. इतके दिवस चांगले काम केल्यावर हात वाईट करायला वळत नाही. सवय होईपर्यंत थ्रीडी पाय चार्ट, क्लिपआर्टमधले हस्तांदोलन आणि कॉमिक सॅन्स वापरावे. (हिग्ज बोसॉनचा शोध सर्नने ४ जुलै २०१२ रोजी जाहीर केला, तेव्हा एका सादरीकरणातल्या स्लाइड कॉमिक सॅन्समध्येच होत्या आणि बोसॉनचे काही बिघडले नाही. ही माहिती स्वतःपुरती ठेवावी.) मराठी नमुना हवा असल्यास काहीच करावे लागत नाही. श्रीलिपीत टाइप केलेली जुनी फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडावी. जे दिसेल, ते ‘आधी’.

पायरी ५ : थोर उदाहरण द्या

मध्येच एक मोठे नाव घेतल्याने वजन वाढते. अल गोर यांचा हवामानबदलावरचा स्लाइड शो २००६ साली ‘अॅन इनकन्व्हिनियंट ट्रुथ’ या माहितीपटात आला आणि त्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. त्या स्लाइडमागे नॅन्सी दुआर्ते यांची कॅलिफोर्नियातली डिझाइन कंपनी होती. स्लाइडच्या धंद्याला व्हिडिओचा एवढा फायदा क्वचितच झाला असेल. गोर माजी उपराष्ट्राध्यक्ष होते आणि आपल्या व्हिडिओत आपणच आहोत, हा फरक बोलण्याच्या वेगात झाकता येतो.

पायरी ६ : बोलाल ते सगळे लिहा

लोक आवाज बंद ठेवून व्हिडिओ बघतात: लोकलमध्ये, दवाखान्यात आणि दुसऱ्याचे प्रेझेंटेशन चालू असताना. म्हणून तोंडून निघणारा प्रत्येक शब्द पडद्यावर उमटला पाहिजे, तोही उड्या मारत. पडद्यावर लिहिलेलेच वाचून दाखवू नका, असे आपण प्रत्येक वर्कशॉपमध्ये सांगता. ते वर्कशॉप सशुल्क होते, हा व्हिडिओ फुकट आहे.

पायरी ७ : आवाहन करा

शेवटी ‘कमेंटमध्ये पीपीटी लिहा, टेम्प्लेट पाठवतो’ असे म्हणावे. कमेंटांचा पाऊस पडेल. टेम्प्लेट पाठवत बसण्यात दोन दिवस जातील, आणि तिसऱ्या दिवशी त्याच टेम्प्लेटवर स्वतःचा लोगो लावून कोणीतरी व्हिडिओ टाकेल. त्याखाली टाळ्यांचे चिन्ह टाकावे. याला नेटवर्किंग म्हणतात.

फलप्राप्ती

धीर सोडू नये. एके रात्री अकरा वाजता चाकणहून फोन येतोच. “तुमचा तो व्हिडिओ पोरानं दाखवला. एक नंबर! आता आम्हाला प्रेझेंटेशन नको, तसाच व्हिडिओ करून द्या. बेचाळीस स्लाइड आहेत, सगळ्या बसवा. शब्द एकही काढायचा नाही हं, एमडींनी स्वतः लिहिलंय. दीड मिनिटात झालं पाहिजे.”

इथे नाही म्हणू नये. शिस्तीचे व्याख्यानही देऊ नये. त्यांनी आपला व्हिडिओ पाहिला आहे. दर स्लाइडमागे न सांगता सेकंदामागे सांगावा, निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत आणि बिलावर ‘प्रेझेंटेशन डिझाइन’ असेच लिहावे. व्यवसाय वाढला की बदलला, ते मार्चअखेरीस सीएला ठरवू द्यावे.