बघूकाका

बघूकाकांच्या बेसिनखाली एक निळी बादली आहे. ती तात्पुरती आहे. थोरल्याच्या दहावीच्या सुट्टीत ती तात्पुरती ठेवली होती आणि तो थोरला आता स्वतःच्या फ्लॅटचे हप्ते भरतो. रोज रात्री निजायच्या आधी काकू ती बादली संडासात रिकामी करतात आणि पुन्हा जागेवर सरकवतात. धाकटी सून घरात आली तेव्हा काकूंनी देवघर, लोणच्याच्या बरण्या आणि ही बादली अशा तीन गोष्टी तिच्या ताब्यात दिल्या, असं आमच्या बिल्डिंगमध्ये बोललं जातं.

काका आळशी असतील असं समजू नका. पहाटे उठून टेकडी चढून येणारे, सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवणारे, वीजबिल मुदतीच्या आधी भरणारे गृहस्थ आहेत. फक्त कुठं पाणी गळतंय असं कानावर आलं की त्यांच्या तोंडून एकच शब्द निघतो, "बघू." आणि ते खरोखरच बघतात. चष्मा कपाळावर सरकवतात, कमरेवर हात ठेवतात, थेंब पडेपर्यंत थांबतात. थेंब पडला की "हं" म्हणतात. पाहणी संपली, बाहेर चहा.

प्लंबरवर त्यांचा विश्वास नाही. "वायसर बदलायला येतो आणि अख्खा नळ गळ्यात मारून जातो." हे अगदीच खोटं नाही. जुन्या जीआय पाइपाला पान्हा लावला की नळाबरोबर भिंतीतला आटाही कधी कधी हातात येतो. पण काकांनी त्यावर काढलेला उपाय अस्सल त्यांचा. नहाणीतला नळ रात्रभर टपटपायचा, झोप लागेना. काकांनी जुन्या पंच्याची चिंधी फाडली, नळाच्या तोंडाला गाठ मारून बांधली आणि दुसरं टोक थेट जमिनीपर्यंत सोडलं. टपटप थांबली. पाणी चिंधीवरून गुपचूप खाली उतरू लागलं आणि सकाळी काकांनी जाहीर केलं, "गळती बंद." त्यांच्या लेखी गळती हा मुळात आवाजाचा प्रश्न आहे.

मग सातवीतल्या नातीनं शाळेच्या प्रकल्पासाठी हिशेब मांडला. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर झाले २१ लिटरच्या वर.

"म्हणजे एक बादली," काका म्हणाले. "त्यात काय!"

"आजोबा, शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. आठवडा भरायच्या आत एका माणसाचं अख्ख्या दिवसाचं पाणी गेलं."

"मग आठवड्याला एक पाहुणा येतो समज."

पोरगी आजोबांचीच, चिकाटी सोडेना. तिनं जिलबीचा केशरी रंग आणला आणि फ्लशच्या टाकीत टाकला. कुणी फ्लश ओढायचा नाही अशी ताकीद दिली. अर्ध्या तासात भांड्यातलं पाणी केशरी. टाकीच्या तळाचं रबर गेलं होतं आणि आवाज न करता, चिंधीसुद्धा न लागता, पाणी दिवसरात्र वाहत होतं. काका वाकून बघत राहिले. म्हणाले, "रंग छान आहे. कुठल्या दुकानातला?"

मीरा रोडचे लेखक आणि व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी २००७ साली एक काम सुरू केलं. दर रविवारी प्लंबर बरोबर घ्यायचा, इमारतीतलं एकेक दार वाजवायचं आणि गळके नळ फुकटात दुरुस्त करून द्यायचे. मी काकांना हे मुद्दाम सांगितलं, थोडी लाज वाटावी म्हणून. काकांचा चेहरा उजळला. "फुकट? मग ते आपल्याकडे येईपर्यंत थांबू की."

खरी गोम अशी की पाणी खाली जातं. वर जात असतं तर काकांनी पहिल्याच दिवशी शिडी लावली असती. ज्याच्या घरात गळतं त्याला फार तर बादली दिसते. डाग मात्र खालच्यांच्या छतावर. आमच्याकडं खालच्या मजल्यावर ज्या वहिनी राहतात, त्यांनी पहिली दोन वर्षं तो सोसला, तिसऱ्या वर्षी रंग काढला. रंगाला चार महिन्यांत फुगे आले, मग लोणा फुटला, भिंतीला बोट लावलं की पीठ गळू लागलं. आणि एका संध्याकाळी दिवाणखान्यातल्या पंख्यातून पाणी ठिबकलं. पंखा बंद करून त्या वर आल्या, तर काका शांत.

"वहिनी, माझी नहाणी तिकडं मागं, तुमचा पंखा इकडं पुढं. पाणी काय रिक्षा करून आलं?"

रिक्षा नाही, वायरिंगच्या नळीतून आलं. नहाणीचा स्लॅब खोल घेऊन फरशीखाली विटांचे तुकडे भरलेले असतात. टाइलच्या सांध्यातून मुरलेलं पाणी तिथं तळं करून बसतं आणि जिथं फट मिळेल तिथून वाट काढतं. म्हणून डाग एकीकडं आणि दुखणं दुसरीकडं. हे काकांना कुणी पटवून देईपर्यंत स्लॅबमधली सळई गंजली. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. काँक्रीट काही सरकून बसत नाही, ते फुटतं. वहिनींच्या छताची ढलपी पडली तेव्हा खाली कुणी नव्हतं, एवढंच.

सोसायटीच्या सभेत काका तयारीनं आले. आदर्श उपविधी त्यांना तोंडपाठ. बाहेरच्या सामाईक पाइपातून गळत असेल तर खर्च सोसायटीचा, घरातल्या संडास-नहाणीतून गळत असेल तर सभासदाचा. त्यामुळं पाऊण तास ते एकच सिद्ध करत होते की त्यांची नहाणी तत्त्वतः घराबाहेर आहे. आमची इमारत पंधरा वर्षांपुढची, म्हणजे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. त्या इंजिनिअरनं छतावर हातोडी ठोकली, पोकळ आवाज ऐकला आणि अहवालात काकांच्या फ्लॅटचा नंबर तीनदा लिहिला. काकांनी अहवाल वाचला, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "बघू." पण या वेळी काकूंनी बघू दिलं नाही.

नहाणी फोडली, भराव उपसला, वॉटरप्रूफिंग केलं, खालच्या छताला टेकू लावून सळया साफ करून गिलावा केला. तीन आठवडे काकांच्या घरचे सगळे अंघोळीला शेजारी. खर्चाचा आकडा काका कुणाला सांगत नाहीत आणि काकू सगळ्यांना सांगतात. मी इथं लिहिणार नाही, कारण तो वाचून बसलेल्या धक्क्यात तुम्ही स्वतःचा नळ बघायला विसराल.

काका आता इतरांना उपदेश करतात, आणि तो बरोबर असतो, हे मान्य करायला हवं. साधा आट्याचा नळ असेल तर वायसर चहाच्या किमतीत मिळतो. पाव फेरा फिरवून चालू होणारा नळ असेल तर त्यात वायसर नसतो, आतला स्पिंडलच बदलावा लागतो. आधी वरचा कॉक बंद करा, जुना भाग काढून दुकानात सोबत न्या, तोंडी माप सांगून उपयोग नाही. आमच्या नाक्यावरचं हार्डवेअरचं दुकान रविवारी दुपारी एकला बंद होतं.