गॅस संपला हो!
मे महिना लागला की घरोघरच्या एसीचा ‘गॅस संपतो’. खरे तर तो बंद नळ्यांतून फिरत असतो. सिलिंडरमधल्या गॅससारखा जळून संपत नाही. कमी झालाच, तर कुठेतरी गळती आहे. पण गळती शोधायला वेळ लागतो, गॅस भरायला नुसते पैसे. म्हणून तो दरवर्षी भक्तिभावाने भरायचा.

त्याआधी जाळी काढून बघा म्हटले, तर आपला अपमान होतो. जाळीवर दिवाळीपासूनची धूळ, रिमोट ‘फॅन’वर, बाहेरच्या युनिटपुढे अडगळ आणि कबुतरांचा संसार! तरी लवकर गार व्हावे म्हणून आपण १६ अंश लावतो. साधा एसी १६ वर काय नि २४ वर काय, त्याच वेगाने गार करतो; १६ वर फक्त थांबत नाही. १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगचे नवे एसी २४ वरच सुरू व्हावेत, असा केंद्राचा नियम आहे. पण सरकारचेच ऐकायचे, तर रिमोट कशाला?

शेवटी मेकॅनिक येतो, जाळी नळाखाली धरतो, गार हवा सुरू होते. ‘गॅस जरा कमीच होता,’ असे तो वर म्हणतो. आपणही मान डोलावतो. धूळ धुवायचे पैसे दिले, हे चारचौघांत सांगणार कसे?