ऐच्छिक विषय

नेपियर टाउनातल्या आमच्या घरी भिंतीला एक जुना राउटर टांगलाय. त्याच्या पोटात जागा ४ मेगाबाइट. मोबाइलवरचा एक धड फोटो मावायची मारामार. पण मी त्यात ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं सॉफ्टवेअर कोंबलंय, आणि ते ऐकवल्याशिवाय आल्यागेल्याला चहा मिळत नाही.

मला त्यात वायरगार्डही बसवायचं होतं. म्हणजे बाहेर कुठेही असलो तरी घरच्या संगणकावरचे फोटो सुखरूप बघता आले असते. जागा मात्र नव्हती. काय काढावं? आयपीव्ही६! इंटरनेटवरच्या पत्त्यांची ही पद्धत १९९८ सालापासून 'नवीन' म्हणूनच मिरवतेय. जुन्या आयपीव्ही४चे पत्ते सारे मिळून जेमतेम ४३० कोटी. त्यांचं जागतिक कोठार ३ फेब्रुवारी २०११ ला रिकामं झालं, तरी आमच्या घरी काही चूल विझली नव्हती. राउटरमधल्या छोट्या आज्ञांचा संच बनवणाऱ्या बिझीबॉक्सवाल्यांनी आयपीव्ही६ गाळायला खटका ठेवलाय, यूक्लिबसी या सी लायब्ररीतही तो होता. मस्ल ही दुसरी सी लायब्ररी मात्र असला खटकाच देत नाही. हा मला निव्वळ हट्ट वाटे. 'ऐच्छिक ठेवा, ज्याला हवं तो घेईल,' असं मी तावातावाने सांगत फिरायचो.

रविवारी गोलबाजारात मावशीकडे गेलो. पुढ्यात खव्याची जिलबी, शेजारी कौतुकाने बघणारा मावसभाऊ. असा योग रोज येत नाही. आयपीव्ही६ वगळून बांधलेलं फर्मवेअर लॅपटॉपवर तयारच होतं. तिथूनच घरच्या राउटरमध्ये शिरलो आणि ते चढवलं.

"दोन मिनिटांत बघ," मी म्हणालो.

दोनाची दहा झाली. राउटर ओ देईना. बाबांचा फोन बंद.

"अरे, गार होतेय ती," मावशी म्हणाली. मीही गार होत होतो. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. आमचा नेटवाला आयपीव्ही४चा एकच पत्ता अनेक घरांत वाटून देतो. त्यावरून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. इतके महिने मी घरात शिरत होतो ते आयपीव्ही६वरूनच. नव्या दाराला जागा करताना मी जिनाच पाडला होता.

ऑटो करून धापा टाकत घरी पोचलो. बाबा निवांत कुमार गंधर्व ऐकत होते. यूट्यूबवर.

"नेट चालू आहे?"

"चालूच आहे. का, बंद पडायला हवं होतं?"

सगळं सांगितलं. बाबा गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेत. म्हणाले, "बोल्ट जास्तीचा वाटला तर आम्ही आधी गाडी उभी करायचो. तू चालत्या गाडीतला काढलास, तोही स्वतःच्या बुडाखालचा."

रात्री राउटरला केबल जोडून जुनं फर्मवेअर परत चढवलं. खटका असावा, या मताचा मी अजूनही आहे. फक्त तो माझा हात पोचेल इतका खाली नसावा. आयपीव्ही६ परत आलं, त्यामुळे वायरगार्डला जागा उरली नाही. बाहेर असताना एखादा फोटो हवा असला की बाबांना फोन करतो, आणि बाबा दुपारी फोन बंद ठेवतात.