पडलेल्यांचे आबा

कोल्हापुरात प्रत्येक पेठेत एक आबा असतात. आमचे आबा शिवाजी पेठेतले. सकाळी गंगावेशीत म्हशीच्या धारेचं दूध उभ्यानं पितात, मिशीवरचा फेस पुसतात आणि विचारतात, "काय म्हणतंय राजकारण?" उत्तरासाठी ते थांबत नाहीत. ते त्यांच्याकडंच असतं.

आबांनी जन्मात निवडणूक लढवलेली नाही. पण जिल्ह्यातल्या कुठल्याही आमदाराचं नाव काढा. तो पहिल्यांदा कुणाच्या पॅनेलमधून उभा राहिला, कुणी त्याचा पत्ता कापला, कुठल्या लग्नात दिलजमाई झाली, सगळं तोंडपाठ. नातू कितवीत आहे हे मात्र दर वेळी सुनेला विचारावं लागतं. स्वतःचं लग्न कधी झालं? "एन. डी. पाटील सर शहरातनं आमदार झाले न्हाईत का, त्या उन्हाळ्यात." आतून काकूंचा आवाज येतो, "१९८५, मे महिना!"

आबांशी चहा प्यायचा तर वेळ काढून बसावं लागतं. सांडलेल्या चहात बोट बुडवून ते टेबलावर मतदारसंघ काढतात. करवीर बोटभर, राधानगरी जरा लांब, आणि कागल नेहमी वीतभर. "एवढं मोठं कसं?" म्हटलं की म्हणतात, "राजकारणाचं विद्यापीठ हाय भावा ते." मग बशी म्हणजे मंडलिकसाहेब, कप म्हणजे मुश्रीफसाहेब, गुरू-शिष्य एकमेकांसमोर ठाकतात. १९९९ पासून २०२४ पर्यंत कप सहा वेळा निवडून येतो. तेवढ्यात पोऱ्या फडकं मारतो आणि अख्खा कागल तालुका पुसला जातो. आबा पुन्हा चहा मागवतात. पैसे आपण द्यायचे.

महापौरपदाच्या मुदतीची खांडोळी करून आमच्या शहरानं इतके माजी महापौर करून ठेवलेत, की मांडवात आधी कुणाला नमस्कार करावा हे आम्हाला कळत नाही. आबा कारकिर्दीच्या क्रमानं करतात.

पण खरे आबा बघायचे ते निकालाच्या दिवशी. सगळी पेठ गुलालात माखून विजयी उमेदवारामागं पळत असते, तेव्हा आबा स्वच्छ सदरा घालून पडलेल्याच्या दारात जातात. तिथं चपलासुद्धा चारच असतात. आबा पाणी मागतात, मांडी घालतात आणि सुरू होतात. "२००९ ला मंडलिकसाहेबांना पक्षानं तिकीट दिलं न्हाई. पंचाहत्तरीला आल्यालं माणूस, अपक्ष हुबं ऱ्हायलं आन् खासदार झालं! आपलं सतेज पाटील, बंटीसाहेब, २०१४ ला पडलं, पुढच्या साली इधान परिषदेत. मुन्नासाहेब महाडिक २०१९ ला पडलं, २०२२ ला राज्यसभेत. क्षीरसागर त्याच २०१९ ला पडलं, २०२४ ला परत आमदार. आन् तू एका निकालात रडतोस व्हय?" पडलेला नाक पुसतो. आबा आवाज खाली आणतात. "गोकुळ दूध संघ हाय. जिल्हा बँक हाय. बाजार समिती हाय. साखर कारखाना हाय. कोल्हापुरात कोण संपत न्हाई." तासाभरानं घरात चहा होतो आणि पुढच्या पॅनेलची चर्चा चालू होते. पडलेला कुठल्या पक्षाचा, हे आबा बघत नाहीत.

त्यांचा पुतण्या कॅनडात असतो, ओंटारिओ प्रांतात. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "काका, आमच्या भागातला आमदार पडला. आता परत वकिली करतोय."

आबांचा लाडू हातातच राहिला. "तिकडं दूध संघ न्हाई?"

"डेअऱ्या आहेत, पण त्यात आमदार नसतात."

"जिल्हा बँक?"

"नाही."

"कारखाना तरी?"

"नाही हो काका."

"आरं, मग पडलेल्यानं जायाचं कुठं?" आबा खरोखर हळहळले. लाडू बशीत ठेवून त्यांनी चष्मा लावला, मोबाइल पुढं सरकवला आणि म्हणाले, "लाव बघू त्याला फोन."